दात कशाने घासतेस?

मिश्री भाजायला घेतली की तिसऱ्या घरापर्यंत ठसका जातो. सातारा-सांगलीकडच्या गावात वाढलेल्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही. भाकरीला वापरत नाहीत असा एक जुना, कडा वाकलेला तवा घरात असतो. चुलीवर तो तापला की सुकी तंबाखू पसरायची आणि उलथन्यानं हलवत राहायचं. आधी ती तपकिरी होते, मग कडेकडेनं काळी पडते, आणि चिमटीत धरल्यावर सहज चुरली की तवा खाली. निवल्यावर तळहातावर चोळायची, फडक्यातून गाळायची, डबीत भरायची. पोरं खोकत अंगणात पळतात. म्हातारी मात्र नाकाला पदर लावून शेवटपर्यंत चुलीपुढेच, कारण जरा जास्त झालं तर राख होते आणि कमी झालं तर लागत नाही.

मग चिमूटभर मिश्री डाव्या तळहातावर घ्यायची, उजव्या तर्जनीला लावायची आणि हिरड्यांवरून बोट फिरवत बसायचं. दात घासायला दोन मिनिटं पुरतात, मिश्री लावायला अर्धा तास कमी पडतो. परसदारी, उंबऱ्यावर, न्हाणीच्या दगडावर बायका बसतात आणि तेवढा वेळ त्यांना कुणी काम सांगत नाही. माझ्या आजीच्या अख्ख्या दिवसात तिचा स्वतःचा म्हणावा असा तेवढाच वेळ होता. मिश्रीचं कौतुक करावं म्हणून हे लिहीत नाही. ती सोडवायची असेल तर ती बाईला काय देते हे आधी कळायला हवं.

मी नर्सिंग शिकवते. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग पदविकेच्या मुलींना शिकवलं, आता बी.एस्सी.च्या वर्गांवर असते. ‘नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि तंबाखू’ असा विषय काढला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शहरातली, टपरीच्या आडोशाला सिगरेट ओढणारी मुलगी येते. तशी मुलगी असतेही, पण क्वचित. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरच्या लोकांत विडी-सिगरेट ओढणारे निघाले ३.८ टक्के, आणि तोंडात धरायची, चघळायची, दाताला लावायची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. बायकांपैकी १७ टक्के जणी या ना त्या रूपात तंबाखू घेत होत्या, म्हणजे साधारण सहा जणींत एक. आपल्याकडची तंबाखू ही धुराची कमी आणि डबीची जास्त आहे. ज्या घरात ती डबी आहे त्याच घरातली लेक बारावी करून, शैक्षणिक कर्ज किंवा शिष्यवृत्तीच्या आधारानं पत्र्याची पेटी घेऊन आमच्या वसतिगृहात दाखल होते. पेटीत दोन पांढरे गणवेश, चटणीची बरणी, लाडू, देवाचा फोटो. आणि कधीकधी तळाशी ती डबी.

नर्सिंगला मुलंही येतात आता. त्यांच्यात सुपारी-तंबाखूचा मावा चालतो, चुना लावून मळलेली तंबाखू चालते, आणि महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असलेला गुटखाही कागदाच्या पुडीत मिळतो. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही असं २००३ चा कायदा सांगतो. टपऱ्या कुठे असतात हे प्रत्येक कॉलेजच्या शिपायाला ठाऊक आहे. मुलांचं व्यसन निदान दिसतं. ते गेटबाहेर उभे राहतात, भिंतीवर थुंकतात, पकडले जातात, बोलणी खातात. माझा जीव तुटतो तो मुलींसाठी, कारण त्यांचं कुणाला दिसतच नाही.

एका मुलीमुळे माझ्या डोक्यात याचा उजेड पडला. स्त्रियांच्या मेडिसिन वॉर्डात दुसऱ्या वर्षाच्या मुलींची पोस्टिंग होती. रुग्णाची माहिती घेताना केस पेपरवर ‘सवयी’ असा एक रकाना असतो. पुरुषांच्या वॉर्डात तो भरताना मुली विचारतात: दारू? तंबाखू? विडी? बायकांच्या वॉर्डात न विचारताच ‘काही नाही’ लिहून मोकळ्या होतात. विचारलंच तर, “आजी, तंबाखू खाता का हो?” आणि आजी म्हणतात, “छ्या, आमच्यात न्हाई बाई कोण.” तेही खरंच असतं. त्या तंबाखू खात नाहीत. त्या दात घासतात.

या मुलीच्या सगळ्या केस पेपरांवर मात्र त्या रकान्यात काही ना काही लिहिलेलं: ‘मिश्री, दिवसातून ३ वेळा, २५ वर्षं.’ ‘मिश्री, सकाळी व झोपताना.’ ‘तपकीर, दाताला.’ मला वाटलं, अंदाजानं भरत असेल. म्हणून एक दिवस तिच्या मागे जाऊन उभी राहिले. ती आजीच्या पायाशी बसली होती. गोळ्या घेतल्या का, जेवण किती झालं, हे विचारता विचारता तिनं सहज विचारलं, “आजी, दात कशानं घासताय?” आजी म्हणाल्या, “मिश्रीनं की. दुसरं काय?” “हिथं आणलीय का डबी?” आजींनी उशाखाली हात घालून डबी दाखवली सुद्धा. बीपीच्या त्या पेशंटला चार दिवसांत कुणी हा प्रश्न विचारलेला नव्हता.

नंतर मी तिला वॉर्डातल्या नर्सिंग स्टेशनपाशी गाठून विचारलं, की असं विचारायचं तुला कुणी शिकवलं? ती बोलेना. बोटांनी ॲप्रनची कड दुमडत राहिली. मग हळूच म्हणाली, “मॅडम, मला कुणी तंबाखू खातेस का विचारलं असतं तर मीपण नाहीच म्हटलं असतं.”

पुढे तिनं सांगितलं ते असं. सहावी-सातवीत दाढ दुखत होती. दवाखाना तालुक्याला, आणि आईची रोजंदारी बुडणार. आजीनं स्वतःच्या डबीतली मिश्री दाढेवर दाबून धरायला सांगितली. पहिल्यांदा गरगरलं, उलटी झाली. पण ठणका गेला. मग दाढ दुखली की मिश्री, मग दुखेल म्हणून मिश्री, आणि दहावीच्या परीक्षेच्या वेळी सकाळी लावल्याशिवाय डोळे उघडेनात. घरात कुणी तिला ओरडलं नाही. आई लावते, आजी लावते, चुलती लावते. घरात बापानं किंवा भावानं तोंडात तंबाखू धरली तर त्याला व्यसन म्हणतात, त्यावरून भांडणं होतात. बाईच्या बोटावरच्या मिश्रीला मात्र दंतमंजनाच्या खात्यात टाकलेलं असतं. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू मिसळायला १९९२ पासून देशात बंदी आहे. इथे तर तंबाखू हेच मंजन.

अशा अनेक मुली मला त्यानंतर भेटल्या. भेटल्या म्हणजे आधीही होत्याच, त्यांनी आता सांगितलं. सगळ्यांची गोष्ट दाढेपासून सुरू होत नाही. कुणाला पाळीच्या दिवसांत पोटात दुखतं म्हणून आत्यानं दिली. कुणी उसाच्या फडावर आईबरोबर जायची, भूक मारायला मिश्री बरी पडायची. आणि काही जणी घरून कोऱ्या आल्या आणि वसतिगृहात शिकल्या. ते ऐकून मला फार लागलं.

वसतिगृहातलं आयुष्य बाहेरच्याला वाटतं तेवढं हसतंखेळतं नसतं. पहाटे पाचला उठून नळाला नंबर लावायचा, केसांचा अंबाडा, जाळी, पिना, इस्त्रीचा गणवेश, आणि सकाळच्या ड्युटीला वॉर्डात हजर. दुपारी वर्ग. संध्याकाळी केस स्टडी, जर्नल, चार्ट. नाइट ड्युटी लागली की झोपेचं गणितच कोलमडतं. पहाटे तीन ते पाच हा काळ मीही काढलेला आहे. सलाइनचे थेंब मोजता मोजता डोळ्यांपुढे थेंबांची रांग लागते, पाय सुजून बुटात मावत नाहीत, आणि कँटीन बंद. अशा वेळी एखादी सीनियर म्हणते, “जरा बोट फिरव, झोप उडेल.” झोप उडते हे खरं आहे. निकोटीन तेच करतं. हिरडीच्या पातळ त्वचेतून ते रक्तात उतरतं, काही मिनिटांत मेंदूत पोचतं, तरतरी आणतं. पण साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटीन निम्म्यावर येतं आणि पुन्हा डोकं धरायला लागतं. थकवा ड्युटीचा कुठला आणि मिश्री उतरल्याचा कुठला, हे त्या मुलीला स्वतःलाही उमगत नाही.

“मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही” हे वाक्य मी आजींच्या तोंडून जितक्यांदा ऐकलं, जवळपास तितक्यांदाच विद्यार्थिनींच्याही तोंडून. त्यात तथ्य आहे, आणि ते नाकारून मुलींशी बोललं की त्या आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत. निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवतं. शरीराला त्याची सवय लागली की ते बंद केल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतो. चिडचिड, डोकेदुखी, लक्ष न लागणं, भूक वाढणं यांच्याबरोबर तोही सोडतानाच्या त्रासांपैकी एक. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, मग दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. हे एवढं समजावून सांगितलं तर मुलगी म्हणते, “म्हणजे मला आजार नाही झाला, हे सोडल्यामुळे होतंय?” तेवढ्या समजुतीवर ती आणखी चार दिवस तग धरते.

आता ज्ञानाबद्दल. नर्सिंगच्या मुलींना तंबाखूचे दुष्परिणाम माहीत नाहीत असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. त्यांना परीक्षेला तोच प्रश्न येतो. तोंडाच्या कर्करोगाची पूर्वलक्षणं, पांढरा चट्टा, लाल चट्टा, तोंड कमी उघडणं. त्या तीन-तीन पानं लिहितात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं धूरविरहित तंबाखूला पहिल्या गटातल्या, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्या पदार्थांत टाकलंय, हे त्यांना पाठ आहे. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा तो अभ्यास मी दरवर्षी वर्गात सांगते. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी तो २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्यांत बहुतेक जणी मिश्रीवाल्या होत्या, आणि बाकीची कारणं हिशेबात धरूनही त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. अडीच किलोच्या काठावरच्या बाळाला १०५ ग्रॅम म्हणजे काय, हे बाळंतपणाच्या वॉर्डात वजनकाट्यापाशी उभ्या राहिलेल्या मुलीला वेगळं सांगावं लागत नाही. वर्ग एकदम शांत होतो. काही मुली वहीत मान घालतात. त्या मान घालणाऱ्या मुलींकडे मी आता बघत नाही, मुद्दाम दुसरीकडे बघते, कारण त्यांना पाहिलंय असं त्यांना वाटलं तर त्या संध्याकाळी माझ्याकडे यायच्या नाहीत.

तर माहिती आहे. मदत नाही. आरोग्यसेवेच्या विद्यार्थ्यांना तंबाखूबद्दल विचारणारं एक जागतिक सर्वेक्षण २००५ पासून अनेक देशांत झालं: वैद्यकीय, दंतवैद्यकीय, नर्सिंग आणि औषधनिर्माण, या चौघांच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलेलं. त्यातून देशोदेशी दिसलेली गोष्ट माझ्या वर्गातही दिसते. रुग्णाला तंबाखू सोडायला मदत कशी करायची याचं शिक्षण मिळायला हवं असं बहुतेक विद्यार्थी म्हणतात, आणि तसं शिक्षण रीतसर मिळालेले थोडे निघतात. आमच्याकडे समुपदेशनाच्या पाच पायऱ्या शिकवतात: विचारा, सल्ला द्या, तयारी जोखा, मदत करा, पाठपुरावा ठेवा. मुली त्या घडाघडा म्हणतात. त्यातली पहिली पायरी, साधं विचारणं, त्यांच्यावर कधी कुणी वापरलेलं नसतं. जिला कुणी आपुलकीनं विचारलं नाही, तिनं दुसऱ्याला कसं विचारायचं ते कुठून शिकायचं?

विचारण्याऐवजी आम्ही काय करतो, ते सांगायला हवं. ज्या एका कॉलेजात मी होते तिथे वसतिगृहाच्या पेट्या तपासल्या जायच्या. मोबाइल, हीटर, बाहेरचं खाणं यांच्यासाठी. अशाच एका तपासणीत एका मुलीच्या पावडरच्या डब्यात मिश्री सापडली. टाल्कम पावडरचा गुलाबी डबा, वर पातळ थर पावडरचा आणि खाली प्लॅस्टिकच्या पुडीत काळी मिश्री. कार्यालयात बोलावणं, लेखी माफी, दंड, पालकांना फोन. दुसऱ्या दिवशी आईवडील आले, दोन एसट्या बदलून. वडिलांच्या गालात बार होता. खिडकीबाहेर थुंकून येऊन ते मुलीला म्हणाले, “आमचं नाक कापलंस.” आईला विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?” आई म्हणाली, “तिच्या दाताला कीड हाय म्हणून लावती.” आईच्या हिरड्या दातांवरून पार मागे सरकलेल्या, दातांची मुळं काळी. त्या खोलीत एवढी शिकलेली माणसं होतो आम्ही, आणि त्या दोघींपैकी एकीलाही कुणी म्हणालं नाही की जरा तोंड उघडा, बघू.

मुलीला आठवडाभर घरी पाठवलं. घरी म्हणजे जिथे रोज चुलीपुढे तवा तापतो तिथे. परत आली ती आणखी सावध होऊन. तिच्या खोलीतल्या मुलींनी तिच्याशी बोलणं तोडलं, कारण वॉर्डनचा डोळा आता खोलीवर होता. त्याच महिन्यात मावा खाताना पकडलेल्या एका मुलाला दंड झाला आणि विषय मिटला, त्याच्या घरी फोन गेला नाही. मुलाचं ते ‘वय’ असतं, मुलीचं ‘वळण’ निघतं. ‘अशी सवय’ असलेल्या मुलीचं लग्न कसं होणार ही काळजी कार्यालयातल्या माणसांनी बोलून दाखवली. तिच्या हिरड्यांची काळजी कुणी बोलून दाखवली नाही.

पहिल्या वर्षी दीपप्रज्वलनाचा समारंभ असतो. पांढऱ्या गणवेशातल्या मुली हातात दिवे घेऊन शपथ घेतात. मला तो समारंभ अजूनही मनापासून आवडतो, दरवर्षी डोळ्यांत पाणी येतं. त्या शपथेचं मूळ १८९३ सालचं. अमेरिकेत डेट्रॉइटच्या फॅरंड ट्रेनिंग स्कूलमध्ये लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीनं ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावानं तयार केली. तिच्यात एक वचन आहे, की जे अपायकारक आहे त्यापासून मी दूर राहीन. कोणतंही घातक औषध मी स्वतः घेणार नाही आणि जाणूनबुजून कुणाला देणार नाही. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी स्वतः, मग रुग्ण. नर्सचं शरीर हेही सांभाळायचं शरीर आहे, असं सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी मान्य केलं होतं. आम्ही मुलींकडून ते वचन वदवून घेतो. ते पाळायला त्यांना हात देणं हे आमच्या वाट्याचं काम, आणि ते आम्ही नियमावलीतल्या दंडाच्या कलमावर सोपवलं आहे.

जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्र असतं. आमच्या मुली त्याच आवारात ड्युटी करतात. पण त्यांच्यापैकी कुणी त्या दारात जात नाही, कारण केंद्रातले लोक ओळखीचे, बाकावर बसलेले नातेवाईक ओळखीचे, आणि समोरून येणारी स्टाफ सिस्टर विचारणार, “तू इथे काय करतेस गं?” गरोदर बाईला, क्षयाच्या रुग्णाला, एचआयव्हीच्या रुग्णाला गोपनीयता कशी द्यायची यावर आम्ही आख्खा धडा शिकवतो. आमच्या विद्यार्थिनीसाठी तो धडा आम्ही उघडत नाही.

त्यामुळे मी गच्चीवर बसायला लागले. रविवारी संध्याकाळी, वाळत घातलेल्या गणवेशांच्या रांगेत. हजेरी नाही, वही नाही, नावं लिहायची नाहीत. पहिल्यांदा केस पेपरवाली ती मुलगीच आली, मग तिच्याबरोबर आणखी. तिथे मी जे शिकले ते पुस्तकात सापडलं नव्हतं. सकाळची मिश्री सगळ्यात शेवटी सुटते, म्हणून आधी दुपारची सोडायची, मग झोपतानाची. बोटाला काम हवं असतं, म्हणून बोटानं साधं मीठ किंवा हिरड्यांचा मसाज चालतो, पण ब्रश त्याच बाजूला ठेवायचा जिथे आधी डबी असायची. बडीशेप, लवंग, घोटघोट पाणी. नाइट ड्युटीच्या आठवड्यात सोडायला सुरुवात करायची नाही, परीक्षेच्या आदल्या आठवड्यातही नाही. पोटासाठी पाणी, पेरू, पालेभाजी, आणि गरज पडली तर इसबगोल. दोन मिलिग्रॅमचं निकोटीनचं च्युइंगगम काहींना उपयोगी पडलं. ते सतत चावायचं नसतं, थोडं चावून गालात धरायचं असतं, आणि ते तंत्र समजावून सांगितलं की मुली पहिल्यांदाच हसल्या, कारण गालात धरणं त्यांना नवीन नव्हतं. पण ते महाग पडतं. महिन्याच्या खर्चाला घरून येणाऱ्या पैशात ते बसत नाही. दंत विभागात मी त्यांना पेशंट म्हणून नेलं, आरोग्य तपासणीच्या नावाखाली, सगळ्या वर्गाबरोबर. एकीच्या खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा निघाला. एकोणीस वर्षांची मुलगी. तिनं तो आरशात कितीतरी वेळा पाहिला होता, त्याचं नाव तिला माहीत होतं, परीक्षेत त्यावर गुण मिळवले होते, आणि कुणाला दाखवायचा म्हणजे डबी दाखवावी लागणार म्हणून ती गप्प राहिली होती. मिश्री थांबवल्यावर तो हळूहळू फिका पडत गेला. तिला अजून दर काही महिन्यांनी दाखवायला जावं लागतं.

सगळ्यांची सुटली असं नाही. सुट्टी ही मोठी अडचण. दिवाळीला घरी गेली की डबी चुलीजवळच, आई-आजी-चुलती परसदारी बसलेल्या, गप्पा चाललेल्या. तिथे जाऊन ‘मी सोडलीय’ म्हणणं म्हणजे त्या बैठकीतून उठून जाणं. कितीतरी मुली दिवाळीनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. काही जणी येणंच बंद करतात आणि कॉरिडॉरमध्ये दिसल्यावर नजर चुकवतात. मी त्यांना थांबवून फक्त जेवलीस का एवढं विचारते. पुन्हा वर यायला तेवढं पुरतं कधीकधी. फोनवरच्या मदतीचा नंबर, १८००-११-२३५६, गच्चीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं आणि समोरच्याला आपला चेहरा दिसत नाही. या मुलींना ते शेवटचं सगळ्यात मोलाचं वाटतं.

नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्यांशी, ट्यूटरांशी, वॉर्डनशी मी हे बोलते तेव्हा उत्तर येतं, “आपल्याकडे असं काही नाही.” मी त्यांना विनवते की पहिल्या वर्षाच्या आरोग्य तपासणीत उंची, वजन, हिमोग्लोबिन बघता, तसं तोंड बघा. उजेडात, हातमोजे घालून, ओठ मागे ओढून. आणि जे दिसेल ते शिस्तीच्या फाइलमध्ये न जाता दवाखान्याच्या फाइलमध्ये जाऊ द्या. दंड काढून टाका. दंडानं मिश्री सुटल्याचं मी एकदाही पाहिलेलं नाही, डबा बदललेला मात्र पाहिला आहे. एवढं झालं तर पुढचं काम या मुली स्वतः करतील, आमच्यापेक्षा चांगलं. मिश्री लावणाऱ्या बाईशी कुठल्या शब्दांत बोलायचं, कधी गप्प बसायचं, डबी मागायची की नुसती बघायची, हे त्यांना अंगानं माहीत आहे. राज्यात हजारो गरोदर बाया दर महिन्याला तपासणीला येतात, त्यांचं वजन होतं, रक्तदाब होतो, लोहाच्या गोळ्या मिळतात, आणि दाताचा प्रश्न कुणी विचारत नाही. तो विचारणारी माणसं आमच्याच वसतिगृहात पावडरच्या डब्यात तोंड लपवून बसली आहेत.

केस पेपरवाली ती मुलगी आता एका उपकेंद्रात आहे. मधे तिचीही एकदा परत सुरू झाली होती, इंटर्नशिपच्या वेळी. मग पुन्हा सोडली. अधूनमधून फोन करते, बहुतेक वेळा काही अडलं की. गेल्या वेळी एका सात महिन्यांच्या गरोदर बाईबद्दल विचारत होती. तिनं महिनाभर मिश्री सोडली होती, वजनही बरं वाढत होतं, पण सासू तिला रोज आग्रहानं देते. म्हणते, बंद केलीस तर कळा नीट येणार नाहीत. आम्ही बराच वेळ बोललो. सुनेला पुढे करून सासूशी भांडण लावायचं नाही, हे तिचं आधीच ठरलं होतं. सासू दर गुरुवारी बीपीच्या गोळ्यांना येते. या गुरुवारी तिला गोळ्या देताना जरा जास्त वेळ बसवून घेणार आहे म्हणाली, आणि तिचेच दात आधी बघणार आहे.